सात नंबर किती जातो? बॅगेतल्या क्लबांचे आकडे काढताना

गोल्फ शिकायला लागलं की महिन्या-दोन महिन्यात कोणीतरी विचारतंच, मग तुमचा सात नंबर किती जातो? सात नंबर म्हणजे ७ आयर्न, आयर्न म्हणजे चपट्या धातूच्या डोक्याची गोल्फची काठी, म्हणजे क्लब. सेटच्या साधारण मध्यावरचा क्लब, शिकवणारे बहुतेक त्याच्यापासूनच सुरुवात करतात, त्यामुळे एकमेकांचा खेळ जोखायचं ते मापच होऊन बसलंय. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि त्यानंतर येरवड्याच्या कोर्सवर गोल्फ खेळायला लागले, आणि हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की शेवटी ठरवलं, याचं उत्तर नीट मोजून काढायचं, आणि फक्त सातचं नाही तर बॅगेतल्या प्रत्येक क्लबचं. त्यात चांगलं वर्षभर गेलं, उन्हाळा पावसाळा थंडी सगळं त्यात आलं, पण माझ्या खेळात त्या वर्षाने जेवढा फरक पडला तेवढा स्विंगच्या, म्हणजे क्लब फिरवण्याच्या, कुठल्याही धड्याने पडला नाही. उशिरा सुरुवात केलेल्या बायकांना याचा विशेष उपयोग होईल असं वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांनी हा खेळ जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, हा नियम अमेरिकेत १९३८ ला आणि ब्रिटनमध्ये १९३९ ला आला, त्याआधी काही जण पंचवीस-पंचवीस क्लब घेऊन फिरायचे. प्रत्येक क्लबचा चेहरा किती मागे झुकलेला आहे त्याला लोफ्ट म्हणतात, तो अंशात मोजतात. लोफ्ट कमी आणि दांडा लांब तर बॉल लांब आणि खालून जातो, लोफ्ट जास्त आणि दांडा आखूड तर उंच जाऊन जवळ पडतो. म्हणजे तत्त्वतः स्विंग एकच ठेवायचा आणि क्लब बदलून अंतर बदलायचं. ३ नंबर लांब, ९ नंबर जवळ, त्याच्याही खाली पिचिंग वेज आणि सँड वेज. पुस्तकात दोन क्लबांमध्ये १० ते १५ यार्डांचा फरक दिलेला असतो आणि एक तक्ताही असतो, पुरुषांचा ७ आयर्न १४० यार्ड, बायकांचा ९० वगैरे. तो तक्ता कोणाचा तरी सरासरी आकडा आहे, आपला नाही, आणि सरासरीवरून एका माणसाचा अंदाज बांधू नये हे तर मी आयुष्यभर वर्गात सांगत आले.

माझ्याकडे आलेला सेट माझ्या दिरांचा जुना. पुरुषांचा, स्टीलचे कडक दांडे, ४ नंबरपासून सगळे आयर्न. आपल्याकडे बहुतेक बायकांचं गोल्फ असंच सुरू होतं, घरात नवऱ्याचा नाहीतर भावाचा एक सेट पडलेला असतो, त्याचा दांडा थोडा कापून घेतात आणि खेळ म्हणतात. शिकवणारे सरही म्हणाले, होईल सवय. मी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, एक वही घेऊन गेले, प्रत्येक क्लबने वीस-पंचवीस फटके मारायचे, बॉल कुठे पडला ते लेझर रेंजफाइंडरने, म्हणजे अंतर मोजायच्या दुर्बिणीने, टिपायचं आणि लिहायचं, मग पुढच्या वेळी परत तेच, वेगळ्या क्रमाने, कारण शेवटच्या क्लबपर्यंत हात दमलेले असतात आणि रोज तोच क्रम ठेवला तर शेवटच्या क्लबवर उगाच अन्याय होतो.

आकडे मांडले तेव्हा चित्र असं आलं. ९ आयर्न ७२ यार्ड, ८ आयर्न ८१, ७ आयर्न ८८. इथपर्यंत ठीक. पुढे ६ आयर्न ९०, ५ आयर्न ८९, आणि ४ आयर्न चक्क ८४. म्हणजे बॅगेत चार क्लब असे की चौघांचं काम एकच, आणि सगळ्यात लांब जायला हवा तो सातपेक्षाही मागे. मी परत मोजलं, दुसऱ्या आठवड्यात परत, तेच.

यामागचं कारण कळायला थोडं वाचावं लागलं, आणि ते कळल्यावर फार मोकळं वाटलं कारण तो माझ्या तंत्रातला दोष नव्हता. बॉल लांब जायला तो आधी पुरेसा वर जावा लागतो आणि हवेत टिकावा लागतो. टिकतो तो वेगाने आणि बॅकस्पिनने, म्हणजे उलट्या फिरकीने. स्विंगचा वेग जास्त असेल तर कमी लोफ्टचा क्लबसुद्धा बॉलला वर नेतो. वेग मध्यम किंवा कमी असेल तर कमी लोफ्टने निघालेला बॉल उंची गाठायच्या आतच खाली यायला लागतो. म्हणून एका ठराविक क्लबनंतर लोफ्ट कमी केला तरी अंतर वाढत नाही, उलट घटतं. ती सीमा प्रत्येकाची वेगळी. टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिक, खेळाडूची ती २ नंबरच्याही पलीकडे असेल, माझी ७ आणि ६ च्या मध्ये होती. माझ्या वयाच्या, माझ्या वेगाच्या माणसाने, पुरुष असो की बाई, ४ आणि ५ आयर्न बॅगेतून वाहणं म्हणजे निव्वळ वजन. हे कोणी शिकवताना सांगत का नाही हे मला खरंच कळत नाही, सांगायला पाच मिनिटं लागतात.

आता मोजण्याबद्दल, कारण बहुतेकांचे आकडे इथेच फसवे होतात. पहिली गोष्ट कॅरी आणि टोटल. कॅरी म्हणजे बॉल हवेतून किती गेला आणि पहिल्यांदा कुठे टेकला, टोटल म्हणजे घरंगळून शेवटी कुठे थांबला. एप्रिल-मे मध्ये पुण्यात फेअरवे, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्या, इतकी टणक होतात की माझा ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, बॉल टेकल्यावर आणखी पंचवीस-तीस यार्ड पळतो, जुलैत तोच बॉल टेकतो तिथेच रुततो, कधी कधी उकरून काढावा लागतो. म्हणजे टोटल हा आकडा ऋतूप्रमाणे बदलणार, कॅरी बराचसा तोच राहणार. आणि मध्ये पाणी असेल, बंकर म्हणजे वाळूचा खड्डा असेल, तर तिथे कॅरीच कामाला येतो, बंकर काही घरंगळून पार करता येत नाही. म्हणून वहीत मी फक्त कॅरी लिहिला. रेंजवर ते दिसतंही, नजर ठेवली तर बॉल टेकताना धूळ उडते किंवा पावसाळ्यात पाणी उडतं, तिथे लेझर लावायचा.

दुसरं म्हणजे रेंजचे बॉल. ते टिकाऊ बनवलेले असतात, वर्षभर मार खाऊन गुळगुळीत झालेले असतात, त्यांची डिंपल झिजलेली असतात, आणि डिंपल झिजली की बॉल हवेत नीट उचलला जात नाही. मी एका संथ सोमवारी कोर्सवर कोणी मागे नसताना माझे स्वतःचे बॉल आणि रेंजवरून आणलेले काही असे एकाच जागेवरून मारून बघितले, ७ आयर्नला फरक पाच-सहा यार्डांचा आला. रेंजवरचे आकडे एकमेकांशी तुलना करायला चांगले, कोर्सवर जसेच्या तसे वापरायला नाही. शिवाय रेंजच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर मारताना क्लब बॉलच्या थोडा आधी टेकला तरी मॅटवरून सरकून बॉलला लागतो, गवतात तोच क्लब मातीत अडकतो आणि बॉल निम्म्या अंतरात पडतो. त्यामुळे मॅटवरची आकडेवारी आपल्याबद्दल जरा जास्तच चांगलं बोलते.

नंतर मुलाने वाढदिवसाला सिम्युलेटरवरचा एक तास घेऊन दिला. तिथे ट्रॅकमॅनसारखं रडार असतं, ते क्लबचा वेग, बॉलचा वेग, निघण्याचा कोन, स्पिन असं सगळं सांगतं. त्यात मला सगळ्यात उपयोगी पडला तो उतरण्याचा कोन, म्हणजे बॉल किती उभा खाली येतो. माझा ५ आयर्नचा बॉल इतका आडवा उतरत होता की ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पडला तरी थांबायचं नाव घेणार नाही. एक गोष्ट मात्र तिथे गेल्यावर विचारून घ्या, मशीन समुद्रसपाटीला लावलंय की आपल्या गावाच्या उंचीला. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, हवा जरा विरळ, त्यामुळे बॉल चेंबूरपेक्षा अंदाजे २ टक्के जास्त जातो. माझ्या पल्ल्याला दोन यार्ड, म्हणजे काही विशेष नाही, पण ज्याचा ड्रायव्हर अडीचशे यार्ड जातो त्याला पाच यार्ड पडतात.

आता आकड्यातला कुठला घ्यायचा. इथे माझा विषय कामाला आला. वीस फटक्यांत दोन मस्त लागतात, बॉल अगदी चेहऱ्याच्या मधोमध बसतो, हाताला काही जाणवतही नाही, आणि तो पंधरा यार्ड पुढे जातो. माणूस लक्षात तोच ठेवतो. कोणालाही विचारा सात नंबर किती जातो, तो जो आकडा सांगेल तो त्या दोन फटक्यांचा असतो. सरासरी घेतली तर वाईट फटके तिला खाली ओढतात, टॉप झालेला, म्हणजे क्लब नुसता वरच्या भागाला लागलेला, बॉल वीस यार्ड जाऊन बसला की सरासरी बिघडली. म्हणून मी मध्यक घेतला, म्हणजे सगळे फटके लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायचे आणि मधला उचलायचा, त्याला पूर्ण चुकलेल्या फटक्यांनी फारसा धक्का बसत नाही. आणि त्याच्या शेजारी पसारा लिहिला, मधले निम्मे फटके कुठून कुठपर्यंत पडले तो. क्लब निवडताना मध्यकाइतकाच तो पसारा उपयोगी पडतो, कसा ते पुढे सांगते.

हे आकडे घेऊन मी क्लब बसवून देणाऱ्या एका माणसाकडे गेले. त्याने वही बघितली आणि पहिल्यांदा कोणीतरी हो म्हणालं, की मॅडम तुम्हाला ४, ५, ६ आयर्न नकोतच. त्याऐवजी ७ वूड आणि ६ हायब्रिड. वूड म्हणजे मोठ्या गोलसर डोक्याचे, लांब मारायचे क्लब. हायब्रिड म्हणजे आयर्न आणि वूड यांच्या मधला प्रकार, डोकं थोडं फुगीर, वजन खाली आणि मागे, त्यामुळे तोच लोफ्ट असूनही बॉल सहज वर निघतो. दांडे ग्रॅफाइटचे, हलके, लेडीज फ्लेक्स, म्हणजे जरा लवचिक. ड्रायव्हर १२ अंशांचा, कारण माझ्या वेगाला ९ अंशांचा ड्रायव्हर म्हणजे परत ४ आयर्नचीच कहाणी.

नवीन सेटचा ७ आयर्न पहिल्याच दिवशी ९८ यार्ड गेला, जुना ८८. बरोबरच्या मैत्रिणी म्हणाल्या वा, ताकद वाढली. ताकद तेवढीच होती. जुन्या ७ नंबरचा लोफ्ट ३५ अंश होता, नवीनचा ३०. गेल्या काही दशकांत कंपन्यांनी आयर्नचे लोफ्ट हळूहळू कमी करत आणलेत, आज काही सेटमधला ७ म्हणजे जुन्या काळचा ६ किंवा ५ सुद्धा असतो, वर छापलेल्या नंबराला कुठलाही ठरलेला कायदा नाही. म्हणून दोन माणसांनी सात नंबरची तुलना करणं मला आता फारसं अर्थाचं वाटत नाही, लोफ्ट विचारा आणि मग बोला.

याचा एक परिणाम खालच्या टोकाला होतो आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. पिचिंग वेजसुद्धा ४८ अंशांवरून ४४ वर आलेला, पण सँड वेज मात्र अजूनही ५६ अंशांचाच, कारण बंकरमधून निघायला तेवढा लागतोच. मध्ये १२ अंशांची पोकळी. माझा पिचिंग वेज ७१ यार्ड आणि सँड वेज ५०, म्हणजे ६० यार्डांवर उभी राहिले तर माझ्याकडे क्लबच नाही, एक जोर कमी करून मारा नाहीतर दुसरा ताकद लावून मारा, आणि दोन्हीत फटका बिघडतो. त्यात साठ यार्डांच्या आसपासचं अंतर माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं, कारण पार-४ वर, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या होलवर, माझा दुसरा फटका बहुतेक तिथेच येऊन पडतो. मग ५० अंशांचा एक वेज घेतला, ६१ यार्ड. आता खालून वर बघितलं तर ५०, ६१, ७१, ८०, ८९, ९८, मग ६ हायब्रिड १०८, ७ वूड ११९, ५ वूड १२८, ड्रायव्हर १४२. जिन्याच्या पायऱ्यांसारखे, साधारण सारख्या उंचीचे. पटर, म्हणजे ग्रीनवर बॉल होलमध्ये ढकलायचा क्लब, धरून अकरा क्लब, १४ भरायची मला गरज पडली नाही आणि ट्रॉली ओढायला हलकी झाली ते वेगळंच.

मला कोणी म्हणतं की १४२ म्हणजे कमीच ना. ट्रॅकमॅनने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत अमेरिकेतल्या व्यावसायिक पीजीए टूरवरच्या पुरुषांचा नुसता ७ आयर्नचा कॅरी १७० यार्डांच्या पुढे आहे आणि बायकांच्या टूरवरच्या, म्हणजे एलपीजीएच्या, खेळाडूंचा १४० च्या आसपास, म्हणजे माझा ड्रायव्हर आणि त्यांचा सात जवळजवळ सारखे. असू दे. मला यात आपली गोल्फपटू अदिती अशोक आठवते. टोकियो ऑलिम्पिकला, ऑगस्ट २०२१ मध्ये, ती चौथी आली, ब्राँझ एका स्ट्रोकने, म्हणजे एका फटक्याने, हुकलं, आणि तिथे उतरलेल्या बायकांत सगळ्यात कमी लांब मारणाऱ्यांत ती होती, त्यात काही आठवड्यांपूर्वी कोविड होऊन गेल्यामुळे आणखी अंतर गेलेलं. बॅग उचलायला, म्हणजे कॅडी म्हणून, आई. मी ते चारही दिवस पहाटे उठून बघितलं. बाकीच्या ज्या अंतरावरून छोटे आयर्न मारत होत्या तिथून ती हायब्रिड आणि वूड मारून ग्रीनवर बॉल ठेवत होती, तिला आपला प्रत्येक क्लब कुठे पडतो ते पक्कं माहीत होतं, आणि मग पटिंग तर काय बोलायचं. त्याच स्पर्धेला पुरुषांत पुण्याचा उदयन माने खेळला त्याचाही मला अभिमान आहे, पण शिकायला मला मिळालं ते अदितीकडून.

आकडे हातात आल्यावर खरं काम सुरू होतं, कारण कोर्सवर सपाट जमीन, शांत हवा आणि सारखं गवत असं एकत्र फार क्वचित मिळतं. माझ्याबरोबर नेहमी येणारे कॅडी काका तीसेक वर्षं हेच काम करतायत, त्यांनी मला लेझरवर दिसणाऱ्या आकड्यापासून खेळायच्या आकड्यापर्यंत कसं यायचं ते शिकवलं. ते अंतर कधी तोंडाने नुसतं एक सांगत नाहीत, तीन सांगतात, ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड.

एक उदाहरण नीट सांगते. एक पार-३ आहे, बायकांच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, ग्रीनची पुढची कड ९४ यार्ड, मध्य १०५, मागची कड ११६. पुढे रुंद बंकर, मागे साधं कापलेलं गवत, झेंडा त्या दिवशी पुढेच लावलेला, ९९ वर. लेझर ९९ दाखवतो आणि माझा ७ आयर्न ९८, कोणालाही वाटेल की हाच क्लब. काका म्हणाले, "मॅडम, सात चांगला लागला तर झेंड्यापाशी. आणि जरा कमी लागला तर?" मी वहीतला पसारा आठवला. ७ आयर्नचे निम्मे फटके ९३ ते १०२ मध्ये, म्हणजे पाव फटके ९३ च्याही आत, सगळे बंकरमध्ये. ६ हायब्रिडचा मध्यक १०८, पसारा १०२ ते ११३. कमी लागला तरी ग्रीनवर, जास्त लागला तरी ग्रीनवर, फार फार तर मागच्या गवतात, तिथून चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, सोपी. झेंड्याकडे न बघता ग्रीनच्या मधोमध खेळायचं आणि त्यासाठी एक क्लब जास्त घ्यायचा. तेव्हापासून त्या होलवर मी ७ आयर्न काढलेलाच नाही. हौशी खेळाडू ग्रीनच्या अलीकडे जास्त पडतात हे कोणत्याही ग्रीनच्या बाजूला तासभर उभं राहिलं तरी दिसतं, आणि बहुतेक कोर्सवर बंकर आणि पाणी पुढेच असतं.

वाऱ्याचं गणित सरळ नाही. समोरचा वारा जेवढं अंतर खातो तेवढं मागचा वारा देत नाही, साधारण निम्मंच देतो. ताशी १६ किलोमीटरचा समोरचा वारा असेल तर माझे १०० यार्ड ११० सारखे खेळतात, तोच वारा पाठीमागून आला तर ९५ सारखे. आणि समोरच्या वाऱ्यात जोर लावून मारला तर स्पिन वाढतो, बॉल आणखी वर चढतो आणि तिथेच मरतो, म्हणून क्लब जास्त घ्यायचा आणि हळू मारायचा. काका गवत उडवून वारा बघू देत नाहीत, म्हणतात, "इथं खाली झाडांनी वारा अडवलाय, शेंड्याकडं बघा, बॉल तिथून जाणार आहे." ते अगदी खरं आहे, मे महिन्यात दुपारी खाली पान हलत नसतं आणि वर शेंडे एका बाजूला झुकलेले असतात.

चढ-उतार सोपा, ग्रीन जेवढे यार्ड वर तेवढे यार्ड जास्त धरायचे, खाली असेल तर तेवढे कमी. बावधनच्या पलीकडे डोंगरातल्या ऑक्सफर्डच्या कोर्सवर हे पावलोपावली लागतं, तिथे ८० यार्डांच्या फटक्याला मी ७ आयर्नसुद्धा घेतलाय. रेंजफाइंडरमध्ये स्लोपचं बटण असतं ते हे गणित स्वतःच करून देतं, सरावाला जरूर वापरा, पण २०१९ पासूनच्या नियमांप्रमाणे स्पर्धेत अंतर मोजायला परवानगी असली तरी उंचीचा फरक मोजायला नाही, त्यामुळे ते बंद ठेवावं लागतं. तसंच स्पर्धेत बरोबरच्या खेळाडूला कुठला क्लब घेतला असं विचारता येत नाही, पेनल्टी आहे, कॅडीला मात्र खुशाल विचारा. अंतर किती आहे एवढं कोणालाही विचारता येतं. आमच्या ग्रुपमध्ये एकमेकींना क्लब विचारायची सवय होती, ती मोडायला वेळ लागला, पण मोडली ते बरं झालं, कारण शेजारचीचा क्लब ऐकला की आपला ठरवलेला डळमळतो.

गवत आणि हवा यांचंही सांगते. पावसाळा संपताना रफ, म्हणजे फेअरवेबाहेरचं वाढलेलं गवत, दाट आणि ओलं असतं, बॉल गवतात थोडा वर बसलेला असला की क्लबच्या चेहऱ्यात आणि बॉलमध्ये गवत आणि पाणी येतं, स्पिन मरतो आणि बॉल नेहमीपेक्षा लांब जाऊन पळतच सुटतो, याला फ्लायर म्हणतात. तोच बॉल खोल बसला असेल तर उलट, क्लब अडकतो आणि अंतर निम्मं होतं. दोन्हीत फरक ओळखायला वाकून बघावं लागतं, उभ्याने कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला पुण्यात बारा अंश असतं तेव्हा माझा प्रत्येक क्लब चार-पाच यार्ड कमी जातो, काही थंड जड हवेमुळे आणि काही अंग आखडल्यामुळे, दहा वाजता परत जागेवर येतो. म्हणून थंडीत पहिल्या तीन-चार होलना मी डोळे झाकून एक क्लब वाढवते.

चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीला एकदा खेळायला गेले होते, १९२७ पासूनचा क्लब, अगदी समुद्रपातळीजवळ. तिथे सगळे म्हणत होते दमट हवा आहे, बॉल जड होतो, कमी जातो. शास्त्र याच्या उलट आहे, पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून दमट हवा किंचित विरळच असते, फरक इतका थोडा की धरायलाच नको. कमी जातो तो पुण्यापेक्षा उंची कमी आहे म्हणून, तेही दोन यार्ड, आणि घामाने ग्रिप ओली होते म्हणून. टॉवेल दोन न्या, क्लब बदलू नका. खरा फरक गुलमर्गला पडत असणार, तो कोर्स साधारण २,६५० मीटरवर आहे, तिथे लांब मारणाऱ्यांना आठ-दहा टक्के सहज मिळतात.

आता माझा तक्ता एका छोट्या कार्डावर लिहून बॅगेच्या पट्ट्याला अडकवलाय, प्रत्येक क्लबपुढे मध्यक आणि पसारा, मागच्या बाजूला थंडीचे आकडे. दर काही महिन्यांनी परत मोजते, कारण या वयात आकडे खाली येणार, आणि ते आले तर कार्ड बदलायचं, स्विंग ओढायचा नाही. ओळखीतल्या दोघीतिघींनीही आपले आकडे काढले, एकीचा तर ८ आयर्न आणि ९ आयर्न सारखाच जातोय असं निघालं, तपासलं तर ८ चा लोफ्ट कुठेतरी आपटून वाकला होता, अंश सरळ करून आणल्यावर दोन्ही वेगळे झाले.

सध्या माझं काम चालू आहे ते ५० यार्डांच्या आतलं, जिथे कुठलाच क्लब पूर्ण स्विंगने मारता येत नाही. ५० अंशांच्या वेजने हात छातीपर्यंत नेले की ३८ ते ४० यार्ड येतात, कंबरेपर्यंत नेले की २५, आणि हे आता बऱ्यापैकी बसलंय. ५६ चे आकडे मात्र अजून फार पसरलेले आहेत, ओल्या जमिनीत तो क्लब नीट सरकत नाही, त्यामुळे पाऊस थांबून जमीन सुकली की ऑक्टोबरात वही घेऊन परत त्याच्यावर बसणार आहे.